उणे तेहतीस

"आज किती?"

"उणे तेहतीस."

पलीकडं अण्णा गप्प झाले. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. मागं टीव्हीवरच्या मालिकेत कुणीतरी कुणालातरी घराबाहेर काढत होतं आणि आई चहाची भांडी आपटत होती. इकडं मिनेसोटात सकाळचे सहा. खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं बर्फाची पानं उमटली होती.

"मंग आज हात लावू नगंस तिला," अण्णा म्हणाले. "झोपू दे."

ती म्हणजे बायको नव्हे. ती म्हणजे अंगणाच्या टोकाला उघड्यावर उभी असलेली सहा टनांची, दहा चाकांची, १९७१ साली बांधलेली अमेरिकी फौजेची गाडी.

३० जानेवारी २०१९ची ती सकाळ. ध्रुवाकडची हवा खाली घसरून अमेरिकेच्या मधल्या राज्यांवर बसली होती. मिनियापोलिसच्या विमानतळावर पारा उणे २८ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबानं उणे ३३. शाळा बंद. पोस्टानंही आज टपाल वाटणार नाही असं जाहीर केलेलं. गॅसच्या कंपनीनं घरातला हीटर जरा कमीवर ठेवा म्हणून विनवणी केली होती. अशा दिवशी शहाणा माणूस पांघरुणात राहतो. मी अण्णांना "बरं" म्हटलं, आणि थर्मलच्या दोन विजारी एकावर एक चढवायला घेतल्या.

ही गाडी माझ्याकडं का आहे, याला सरळ उत्तर नाही. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासतो. हातानं करायचं म्हणाल तर तोवर फार तर नळाचा वायसर बदलला होता. २०१६च्या पावसाळ्यानंतर (इथं पावसाळा नसतो, पण माझं वर्ष अजून तसंच मोजलं जातं) शेजारचा सत्तरीतला शेतकरी मला एका यार्डात घेऊन गेला. फौजेनं निकालात काढलेलं सामान तिथं लिलावाला लागलं होतं. त्याला एक ट्रेलर हवा होता. मी नुसता सोबतीला. ट्रेलरच्या मागं या गाड्यांची एक रांग उभी होती. एकीचं दार उघडलं आणि आतून ओल्या ताडपत्रीचा, जुन्या डिझेलचा आणि तापून थंड झालेल्या लोखंडाचा वास आला. मी सहा-सात वर्षांचा असताना अण्णांनी मला एकदा एमटी लाईनमध्ये, म्हणजे फौजेच्या गाड्या उभ्या असतात तिथं, नेऊन त्यांच्या शक्तिमान ट्रकच्या सीटवर बसवलं होतं. तिथं हाच वास होता. तीन आठवड्यांनी गाडी आमच्या दारात होती. "लोक इथं येऊन बोट घेतात," बायको म्हणाली, आणि पुढचं बोलली नाही. आईनं व्हिडिओवर बघितली आणि म्हणाली, "म्हशीवानी दिसती की रं." तेव्हापासून तिचं नाव म्हैस. दूध देत नाही, खाते मात्र.

इथले लोक तिला 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणतात, म्हणजे अडीच टनी. हा अडीच टन भार रस्ता सोडून रानात न्यायचा. पक्क्या रस्त्यावर ती त्याच्या दुप्पट ओढते. रिओ कंपनीनं १९५०च्या सुमारास ही मांडणी बनवली आणि पुढं तीस-पस्तीस वर्षं वेगवेगळ्या कारखान्यांतून त्याच सांगाड्याच्या गाड्या निघत राहिल्या. सुरुवातीला पेट्रोलवर, नंतर माझ्या म्हशीसारख्या, काहीही पिणाऱ्या.

आत बसलं की पहिल्यांदा हात किल्ली शोधतो. किल्ली नाही. डॅशबोर्डावर एक लोखंडी दांडी, ती फिरवली की वीज चालू. लढाईत किल्ली हरवली म्हणून गाडी सोडून पळायला लागू नये, एवढा साधा विचार. दांडी फिरवली की लगेच एक भुंगा कानाशी भणभणायला लागतो. ब्रेकच्या टाकीत हवा नाही, हे सांगणारा. हवा भरेपर्यंत तो थांबत नाही, आणि हवा इंजिन चालू झाल्याशिवाय भरत नाही. म्हणजे थंडीत गाडी चालू होत नसताना, हात गारठून गेलेले असताना, वर हा भुंगा. लाइटच्या बटणाला तीन दांड्या, त्या ठरावीक क्रमानं हलवाव्या लागतात. मला तो क्रम पाठ व्हायला महिना लागला. गाडी बंद करायची तर एक मूठ बाहेर ओढायची. त्यानं पंपाचं डिझेल तुटतं. दांडी नुसती मागं फिरवली तर वीज जाते, इंजिन आपलं चालूच.

हे इंजिन नीट समजलं तेव्हा मी अर्धा दिवस कामाला दांडी मारून नुसता वाचत बसलो होतो. सहा सिलिंडर, ७.८ लिटर, आतली हवा बावीसास एक या प्रमाणात दाबणारं. डिझेल चालतं, रॉकेल चालतं, विमानाचं इंधन चालतं, अडीनडीला पेट्रोलही. १९५०-६०च्या दशकांत फौजांना धास्ती होती की पुढच्या लढाईत कुठं काय इंधन मिळेल सांगता येत नाही, तेव्हा मिळेल ते पिणारं इंजिन हवं. त्याची युक्ती अमेरिकी नाही, जर्मन आहे. मान कंपनीतल्या सिगफ्रिड मॉयरर नावाच्या इंजिनिअरची. साध्या डिझेल इंजिनात नोझल इंधनाचा फवारा दाबलेल्या गरम हवेत मारतं आणि तो तिथंच भडकतो; त्याची ती ठकठक आपल्याला माहीत आहे. मॉयररनं पिस्टनच्या डोक्यात एक गोल वाटी कोरली आणि फवारा हवेत न मारता त्या वाटीच्या भिंतीवर मारला. भिंतीवर इंधनाचा पातळ थर पसरतो. भिंत तापलेली असते, थर वरच्या वर वाफ होऊन सुटत जातो आणि आत घुमणारी हवा ती वाफ उचलून जाळत राहते. इंधन हलकं असो की जड, जळणं सावकाश आणि मऊ. आवाज इतका कमी, की जर्मनीत या इंजिनाला कुजबुजणारं इंजिन म्हणत.

आता यातली मेख स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या कुणालाही कळेल. तवा तापलेला असला की पिठाला लगेच जाळी पडते. बिडाच्या थंड तव्यावर घावन घालून बघा. चिखल होतो, चिकटतो, सुटत नाही. माझ्या गाडीत असे सहा तवे आहेत, आणि थंडीत सहाही गार. फवारा भिंतीवर बसतो आणि बसूनच राहतो. काहीही खाणाऱ्या या इंजिनाची एकच खोड आहे, ताट गरम लागतं.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते 'मान' या शब्दावर अडले.

"मान? शक्तिमानचं मान?"

तेच. आपल्या फौजेची शक्तिमान मूळची याच कंपनीची. १९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत मानच्या परवान्यावर ती बनायला लागली, कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना. पुढं त्यासाठी जबलपूरलाच वेगळा वाहन कारखाना झाला आणि नव्वदीच्या दशकापर्यंत ती तिथून निघत राहिली. नाव आपलं, पण शेपटीला मूळ कंपनी चिकटलेली. म्हणजे अण्णांनी वीस वर्षं चालवली ती गाडी आणि माझ्या अंगणातली म्हैस यांचं कुठंतरी गोत्र जुळत होतं. अण्णांना याचं फार नवल वाटलं नाही. "दिसायलाच हाय की तशी," म्हणाले.

अण्णा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. आमच्या भागात हे सांगण्यासारखं नाही; शेजारचं एक गाव तर नावातच मिलिटरी लावतं, घरटी एक माणूस फौजेत. त्यांच्या नोकरीतल्या तीन हिवाळ्यांबद्दल आम्हाला लहानपणी एवढंच माहीत होतं, की ते 'लेहला' होते आणि तिथून येताना जर्दाळू आणायचे. उन्हाळ्यात झोजिला घाट उघडला की पुढच्या हिवाळ्याचं सगळं सामान वर पोचवायचं, पीठ, डाळ, रॉकेल, सगळं. नंतर घाट बंद. घाट बंद झाल्यावर वर राहिलेल्या गाड्यांचं काय होतं, ते मला पंचेचाळिसाव्या वर्षी, स्वतःची गाडी चालू होईना तेव्हा विचारावंसं वाटलं.

एकदा बोलायला लागल्यावर ते थांबले नाहीत. रात्री रेडिएटरचं पाणी काढून टाकायचं. बॅटरी सोडवून खंदकात, झोपायच्या जागेपाशी आणायची. उशाला बायकोचा फोटो आणि पायथ्याला बॅटरी. सकाळी पाणी उकळून रेडिएटरमध्ये ओतायचं. इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीखाली पत्र्याच्या डब्यात निखारे ठेवायचे, आणि जवळ एक जण वाळूची बादली घेऊन उभा. कधी रात्रीची पाळी लावून दर दोन-तीन तासांनी गाडी चालू करून ठेवायची. थंडी हा निम्मा त्रास. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथं हवा इथल्या दोन तृतीयांशाएवढीच दाट. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून तापवायची एवढाच मार्ग; आणि दाबायला हवाच कमी. हे शास्त्र अण्णांना कुणी शिकवलं नव्हतं. ते म्हणतात, "वर गाडीला दम लागतोय."

फौजेत गाडीची रोज तीन टप्प्यांत परेड, म्हणजे तपासणी, होते. निघायच्या आधी फर्स्ट परेड, वाटेत थांबलं की हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. तेल, पाणी, चाकं, नट, पट्टा, गळती, एकेक बघायचं आणि सही करायची. मी विचारलं, यातली महत्त्वाची कुठली? माझा अंदाज फर्स्ट.

"लास्ट," अण्णा म्हणाले. "गाडी सकाळी चालू हुत न्हाय. रातीच चालू हुती. सकाळी निस्ता सेल्फ मारायचा."

हे मला आधी माहीत असतं तर पहिल्या डिसेंबरची फजिती टळली असती.

पारा उणे वीसच्या खाली गेला होता. मी रुबाबात चढलो, दांडी फिरवली, सेल्फ दाबला. इंजिन म्हाताऱ्यानं जिना चढावा तसं एकेक पायरी फिरलं. पंधरा सेकंद, वीस, तीस. पुन्हा. पुन्हा. तिसऱ्यांदा सेल्फच्या दिशेनं जळक्या वार्निशचा वास आला. बॅटऱ्या बसल्या. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून वीज घेतली आणि यावेळी दुकानातून आणलेला ईथरचा डबा घेऊन हवेच्या तोंडाशी फुर्रकन एक फवारा मारला. सगळेच मारतात म्हणून. आतून घणाचा घाव बसावा तसा एक ठोका आला, अख्खी केबिन हलली आणि इंजिन जिथल्या तिथं थांबलं. बावीसास एक दाबाच्या इंजिनात ईथर वेळेआधीच पेटतं. रिंगा तुटतात, पिस्टनला चीर जाते. माझं काही तुटलं नाही, यात माझं कर्तृत्व शून्य.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं.

"काय मारलंस म्हनतोस?"

"ईथर."

"ईथर म्हंजे? हास्पिटलात बेशुद्ध करत्यात त्ये?"

"तेच. पूर्वी वापरायचे."

"आरं मग तिला उठवायची हुती का झोपवायची?"

नशीब कुठं होतं ते पुढच्या आठवड्यात कळलं. या गाडीत थंडीसाठी एक सोय बसवलेली असते, आणि माझी ती बंद पडलेली होती. हवा इंजिनात शिरते त्या नळकांड्यात एक छोटं नोझल आणि एक स्पार्क प्लग. डॅशबोर्डावरचा खटका दाबून धरला की एक छोटा पंप नोझलला डिझेल देतो, प्लग ठिणगी टाकतो, आणि आत जाणाऱ्या हवेच्या वाटेत चक्क जाळ पेटतो. गरम हवा आत, तव्याला ऊब. आता ज्या वाटेत जाळ पेटतो त्याच वाटेत ईथर मारलं तर काय होईल, ते लिहायला नको. बंद पडलेल्या यंत्रानं मला वाचवलं.

ते दुरुस्त करायला दोन शनिवार गेले. प्लग काजळीनं माखलेला, तो तारेच्या ब्रशनं घासला. नोझलच्या आधी एक जाळी असते, चिमटीत मावणारी. तिच्यावर काळपट मेणासारखा थर. रॉकेलमध्ये बुडवून टूथब्रशनं साफ केली, उजेडाकडं धरून बघितली, भोकं दिसली. वायरीच्या एका जोडाला हिरवा गंज चढला होता, तो खरवडला. सगळं पुन्हा बसवलं आणि खटका दाबला. आधी टिकटिक. मग बंबात लाकडं पेटताना येते तशी घुर्रर्र. मी हातमोजा काढून नळकांड्यावर तळवा ठेवला. दहाएक सेकंदांत लोखंड कोमट लागलं.

आणि तिथंच मला खंबाटकीखालच्या ढाब्यावरची हिवाळ्यातली पहाट आठवली. रात्रभर उभे असलेले जुने ट्रक. किन्नर, म्हणजे ट्रकचा क्लीनर, तारेला कापडाचा बोळा गुंडाळायचा, डिझेलमध्ये बुडवायचा, पेटवायचा आणि एअर क्लीनरच्या तोंडाशी धरायचा. वर ड्रायव्हर सेल्फ मारायचा. इंजिन जाळ आत ओढायचं आणि काळा धूर सोडत उठायचं. आमच्यासारखी शिकलेली मंडळी त्याला जुगाड म्हणून हसायची. अमेरिकी फौजेनं तोच बोळा नळकांड्यात बसवला, त्याला खटका दिला, पार्ट नंबर दिला आणि पुस्तकात दोन पानं लिहिली. किन्नराकडं पुस्तक नव्हतं एवढंच.

या गाड्यांच्या वेडात पडलेले लोक पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला तिच्यात काहीतरी बदलायचं असतं. माझं मत सांगतो, रागावणारे रागावोत. मागचा एक अख्खा ॲक्सल काढून, चेसी कापून गाडी आखूड करायची. मागच्या जोडचाकांच्या जागी छातीएवढी एकेरी चाकं लावायची. हे मला म्हशीची शिंगं रंगवण्यासारखं वाटतं. बेंदराच्या दिवशी शोभतं. पंपावर एक छोटी डबी असते, ती इंधन दाट आहे की पातळ ते ओळखून मात्रा कमीजास्त करते. ती बाद करून, वर स्क्रू पिळून जास्त डिझेल सोडायचं, की ताकद वाढते, असा एक लोकप्रिय उद्योग आहे. वाढतेही. पण या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, मुळात ताकदीसाठी दिलेलाच नाही, धूर कमी व्हावा म्हणून दिलाय. शिट्टी भारी मारतो म्हणून लोकांचा गैरसमज होतो. नुसतं डिझेल वाढवलं की सायलेन्सरचं तापमान चढतं आणि पिस्टनच्या त्या वाटीच्या कडा वितळेपर्यंत गाडी तक्रार करत नाही.

एक बदल मात्र मी डोळे झाकून केला. कंपनीनं हिच्या ब्रेकला एकच मास्टर सिलिंडर दिलाय, दहाही चाकांना एक पाट. कुठंही एक पाइप फुटला की पायाखालचं पेडल थेट पाटीला. हिवाळ्यात इथं रस्त्यावर मीठ टाकतात. वसंतात खाली झोपून बघितलं तर मागच्या ॲक्सलवरचा ब्रेकचा पाइप गंजून पापडासारखा झालेला, नखानं पोपडे निघत होते. त्याच महिन्यात दोन वेगवेगळे पाट करणारा सिलिंडर आणून बसवला. पैसे, पाठ आणि तीन रविवार गेले. अण्णांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर फक्त अंगठा. अण्णांचा अंगठा सहसा मिळत नाही.

बाकीचे माझे सगळे बदल उबेचे आहेत. इंजिनाच्या पाण्यात बुडणारा विजेचा हीटर. इथल्या साध्या मोटारींच्या तोंडातूनही हिवाळ्यात एक वायर लोंबत असते, नव्या माणसाला वाटतं सगळ्या गाड्या विजेवरच्या आहेत. थंडीत पातळ राहणारं इंजिन ऑइल. रेडिएटरपुढं कॅनव्हासचा पडदा, चोवीस व्होल्टसाठी जोडलेल्या दोन बॅटऱ्या झटकन सुटाव्यात म्हणून पितळी चाप. उणे अठराला बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो, आणि नेमकं तेव्हाच थिजलेलं तेल दुप्पट जोर मागतं. भरलेली बॅटरी उणे पन्नासलाही गोठत नाही. पार उतरलेली मात्र उणे सात-आठलाच गोठते, आणि फुगून फुटते. एक फुटल्यावर हे कळलं.

राहिलं डिझेल. ते पाण्यासारखं गोठत नाही. त्यात मुळातच मेण असतं. गारठा वाढला की ते कणाकणानं बाहेर येतं, डिझेल आधी गढूळ होतं, मग कडाक्याच्या सकाळी तुपाच्या बरणीसारखं. फिल्टर त्या मेणानं लिंपून जातो आणि टाकी भरलेली असून गाडी उपाशी मरते. इथं पंपावर दोन जातींचं मिळतं, दोन नंबरचं नेहमीचं आणि एक नंबरचं पातळ, रॉकेलच्या जवळचं. हिवाळ्यात दोन्ही मिसळायचं. लडाखमध्ये वर्षानुवर्षं हेच चाललेलं, फक्त माप ड्रायव्हरच्या अंदाजानं, डिझेलमध्ये रॉकेल. २०१९च्याच नोव्हेंबरात बातमी आली, की इंडियन ऑइलनं लडाखसाठी हिवाळ्याचं खास डिझेल काढलंय, पानिपतच्या रिफायनरीतून, उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं. आकडा बघून मी हसलो. कात्रण अण्णांना पाठवलं. "आता आणलं," एवढंच म्हणाले. तीन हिवाळे त्यांनी हातानं रॉकेल ढवळलं होतं.

तर त्या सकाळी अण्णांचं न ऐकता मी बाहेर पडलो. कारण काहीही नव्हतं. कुठं जायचं नव्हतं, कुणाला ओढून काढायचं नव्हतं. उणे तेहतीसला ती उठते का, एवढंच बघायचं होतं.

लास्ट परेड आदल्या रात्री झाली होती. पाण्यातला हीटर रात्रभर लावलेला. बॅटऱ्या तळघरात, एकेक तीस-पस्तीस किलोची. मुलांच्या घसरगाडीवर ठेवून त्या गाडीपर्यंत ओढत नेल्या. नाकातले केस पहिल्याच श्वासाला कडक झाले. पायाखालचा बर्फ करकरत नव्हता, किंचाळत होता. नायलॉनची जुनी चाकं रात्रीतून खाली सपाट होऊन थिजलेली. आज ती चालवली असती तर बैलगाडी धोंड्यांवरून जावी तशी गेली असती. पाना उघड्या हातानं धरायची चूक मी एकदाच केली, बोटांची कातडी त्याच्यावर राहते.

फोन लावला आणि डॅशबोर्डावर उभा केला.

"हात लावू नगं म्हनलं हुतं," अण्णा म्हणाले. पण फोन ठेवला नाही. "क्लच दाब. गिअरातलं तेल बी थिजलंय, त्ये कशाला फिरवतोस संगं."

क्लच दाबला. दांडी फिरवली. भुंगा सुरू झाला. हीटरचा खटका धरला. टिकटिक, मग घुर्रर्र. अण्णांनी मराठीत मोजायला सुरुवात केली, मध्येच त्यांचं ते फौजी हिंदीत गेलं. तीसला म्हणाले, "अब मार."

सेल्फ दाबला. हूं… हूं… हूं… चार फेरे, सहा फेरे. आरशात सायलेन्सरच्या तोंडातून पांढरा धूर दिसला, म्हणजे डिझेल आत जातंय पण जळत नाहीये. खटका तसाच धरून ठेवला. "सोडू नगंस," अण्णा म्हणाले, "आयकू दे मला, एक शिलिंडर…"

आणि फोन बंद पडला. बॅटरी सत्तर टक्के होती. थंडीपुढं तिचाही इलाज चालला नाही.

त्याच क्षणी एक सिलिंडर पेटला. एकच. बाकीच्या पाचांना तो एकटा ओढायला लागला, लंगड्या बैलासारखा. मग दुसरा. केबिन दोन्ही बाजूंना हलायला लागली. मी सेल्फ सोडला नाही, खटका सोडला नाही. तिसरा आणि चौथा जवळजवळ एकदमच. पांढरा धूर अंगणभर, शेजाऱ्याचं घर दिसेनासं झालं. पाचवा अडखळत. सहावा कधी आला ते कळलं नाही, एवढंच जाणवलं की आवाजातलं लंगडणं गेलंय आणि ती आपल्या आपण फिरतेय. सेल्फ सोडला. धूर करडा झाला, मग विरळ झाला. हवेच्या दाबाचा काटा हळूहळू चढला, साठाच्या पुढं गेला आणि भुंगा थांबला. मागून टर्बोची बारीक शिट्टी तेवढी राहिली. मी आणखी वीस मिनिटं बसून राहिलो. समोरच्या काचेवर माझाच श्वास गोठत होता, तो कार्डानं खरवडत.

शेजारी दाराशी आला होता, अंगावर गोधडीसारखं काहीतरी घेऊन. त्यानं हात वर केला, मीही केला, तो आत गेला. मी मूठ ओढून गाडी बंद केली.

घरात येऊन फोन चार्जरला लावला. पाचेक मिनिटांनी तो जिवंत झाला. अण्णांचे सात मिस्ड कॉल. शेवटचा दोन मिनिटांपूर्वीचा. लावला. पहिल्या रिंगलाच उचलला. टीव्ही बंद होता.

"अण्णा, फोन गारठून बंद…"

"बॅटऱ्या आत आनल्यास का?"

बॅटऱ्या गाडीतच होत्या. फोन स्पीकरवर टाकून मी पुन्हा बूट घालायला बसलो.